लाउहालाचं कडं: हवाईची पानवीण पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

हवाई बेटांवर समुद्राकाठी हाला नावाचं झाड दिसतं. खाली पारंब्यांसारखी टेकू मुळं, वर काटेरी लांब पानांचे झुपके. कोकणातल्या माणसाला ते बघताक्षणी ओळखीचं वाटेल, कारण हाला आणि आपला केवडा जवळचे भाऊबंद, दोघंही पँडॅनस या एकाच वंशातले. आपण गणपतीला वाहतो तसं सुगंधी कणीस हालाच्या नर झाडालाही येतं. तिथे त्याला हीनानो म्हणतात आणि त्याची पांढरी पानं सगळ्यांत तलम चटयांसाठी वापरत आले आहेत.

'लाउ' म्हणजे पान, म्हणून हालाचं पान ते लाउहाला. विणण्याला म्हणतात उलाना. चटई म्हणजे मोएना, टोपी म्हणजे पापाले. टोपल्या, पंखे, उशाच काय, जुन्या काळी होड्यांची शिडंसुद्धा याच पानांची होती. हवाई बेटावरच्या कोना भागात कॉफी पिकवणाऱ्या घरांनी टोप्या विणून दुकानात दिल्या आणि त्या बदल्यात वाणसामान भरलं. मनगटातलं कडं ही या कलेतली एक छोटी वस्तू, आणि टोपीकडे वळण्याआधी हात बसवायला तीच बरी.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. कडं विणायला दीड-दोन तास लागतात, पान तयार करायला त्याहून जास्त. नवशिक्याचं कडं बिघडतं ते बहुतेक वेळा विणीत नाही, पानात. वीण म्हणजे चौपेडी वेणी आहे, ती अर्ध्या तासात हाताला येते. म्हणून इथे जास्त जागा पानाला दिली आहे.

आणखी एक खुलासा. हवाईत नारळाच्या हिरव्या पानांच्याही टोप्या-टोपल्या विणतात, पण त्या काही दिवसांत सुकून आकसतात. ती कला पान हिरवं आणि लवचीक असेपर्यंतचीच. 'ती' नावाच्या झुडपाच्या पानांचे हारही करतात, ते बहुधा पिळून. खाली लिहिलंय ते फक्त वाळलेल्या लाउहालाबद्दल.

पान निवडणं

हिरवं पान तोडायचं नाही. झाडावरच वाळून तपकिरी झालेलं, बुडाशी सैल सुटत आलेलं किंवा नुकतंच गळलेलं पान घ्या. हिरवं पान घरी वाळवलं तर ते गुंडाळतं आणि आकसतं, आणि विणल्यावर पेडांमध्ये फटी पडतात. झाडावर वाळलेल्या पानाचं आकसणं आधीच होऊन गेलेलं असतं.

पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका. ओलं पान घरी आणून रचलं की दोन दिवसांत काळे ठिपके धरतं आणि ते डाग पुढे निघत नाहीत. दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. पान हातात घेऊन मधोमध वाकवा. कटकन मोडलं तर ते फार जुनं आहे. वाकून परत सरळ झालं तर घ्या. ठिपके, किडीची भोकं, उभ्या चिरा असलेली पानं तिथेच सोडा.

झाड कुणाच्या जागेत असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हवाईतले विणकर झाडापाशीही परवानगी मागतात, लागेल तेवढंच घेतात आणि जाताना झाडाखालचा पाचोळा साफ करून जातात. ही सवय उपयोगाचीही आहे, कारण साफ ठेवलेल्या झाडाची पानं पुढच्या वेळी स्वच्छ मिळतात. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कच्ची पानं नेऊ नयेत. माउई बेटावरच्या हाना भागात १९९५ मध्ये हालावर खवलेकीड सापडली. ती पानांचा रस शोषते, पान खुरटं आणि ठिसूळ होतं, आणि मग ते विणायच्या कामाचं राहत नाही.

वाळक्या झुपक्यात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्या. हवाईत गोमी दडून बसलेल्या असतात. कोकणात केवड्याच्या बनात सराव म्हणून पानं आणायला गेलात तर साप असू शकतो, हे वेगळं सांगायला नको. केवड्याचं वाळलेलं पान सरावाला चांगलं चालतं. केरळात त्याच्या चटया पिढ्यान्‌पिढ्या विणतात आणि त्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे.

एका कड्याला दोन चांगली पानं पुरतात. पहिल्यांदा करताना चार घ्या.

काटे काढणं, पुसणं, मऊ करणं

पानाच्या दोन्ही कडांना आणि खालच्या बाजूने मधल्या शिरेवर काटे असतात. कडेचे काटे टोकाकडे कललेले असतात, म्हणून पान नेहमी बुडाकडून टोकाकडे पुसायचं. उलट हात फिरवला की काटे फडक्यात आणि बोटात रुततात. बागकामाचे जाड हातमोजे घाला.

आधी बुडाकडचा चार बोटं जाड भाग आणि टोकाकडचा निमुळता भाग कात्रीने उडवा. ओलं करून घट्ट पिळलेल्या फडक्याने पान दोन्ही बाजूंनी पुसा. धूळ, मीठ, कोळ्याची जाळी सगळं निघेपर्यंत फडकं दोन-तीनदा धुवा. पान नळाखाली धरू नका.

आता काटे. पानाच्या शिरा बुडापासून टोकापर्यंत समांतर जातात, त्यामुळे पान उभं सरळ फाटतं. बुडाकडे, कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत जाड सुई टोचा आणि कडेची काटेरी फीत टोकापर्यंत ओढत न्या. दुसरी कड तशीच. मग मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सुई लावून ती शीरही काढा. हातात दोन लांब, सपाट अर्ध्या राहतील. ओढताना फीत आत घुसायला लागली तर दुसऱ्या टोकाकडून फाडत या, जोर लावू नका.

किडे असण्याची शंका असेल तर अर्ध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र पिशवीतून काढून वाऱ्यावर पसरायच्या. थंड पानावर दव धरतं आणि बंद पिशवीत त्याची बुरशी होते.

मऊ करायला सुरीची बोथट पाठ किंवा टेबलाची गोल कड पुरे. अर्धी दोन्ही हातांत ताणून कडेवरून मागेपुढे ओढा, आधी चकचकीत बाजू वर ठेवून, मग मंद बाजू वर ठेवून. आठ-दहा वेळा ओढल्यावर पानाची कुरकुर थांबते आणि ते कातड्याच्या पट्ट्यासारखं लोळतं. मग ते गोल गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी उलटं गुंडाळा. हवाईत तयार पानांची अशी मोठी गुंडाळी करून ठेवतात, तिला कूकाआ म्हणतात. गुंडाळीत पान सपाट होतं. ती प्लॅस्टिकमध्ये नव्हे, सुती कापडात ठेवायची.

पट्ट्या पाडणं

विणायच्या पट्टीला कोआना म्हणतात. कड्यासाठी ६ मिलिमीटर रुंदी धरा. ४ मिलिमीटरची वीण सुरेख दिसते, पण नव्या हाताला ती दुमडताना फाटते.

विणकर लाकडी ठोकळ्यात ठरावीक अंतरावर पाती बसवलेलं हत्यार वापरतात. घरी ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्टीच्या दोन्ही बाजूंना कटरची पाती चिकटवून घट्ट बांधली तरी भागतं. पाती समान बाहेर आली आहेत ना हे कागदावर ओढून बघा. अर्धी टेबलावर पसरा, बुडाकडचे तीन सेंटिमीटर सोडून पाती टोचा आणि एका दमात टोकाकडे ओढा. बुडाचा भाग न चिरल्यामुळे पट्ट्या एकत्र राहतात, गुंता होत नाही. लागतील तशा कापून घ्यायच्या. पातं शिरेच्या दिशेत चाललं पाहिजे. तिरकं गेलं तर पट्टीत शिरा आडव्या तुटतात आणि अशी पट्टी ओढताक्षणी तुटते.

एका कड्याला ६० सेंटिमीटर लांबीच्या ८ पट्ट्या लागतात. दोन जास्तीच्या पाडून ठेवा. पानाच्या मधल्या भागातल्या घ्या, टोकाकडच्या फार पातळ असतात.

आठ का, चार का नाही, ते असं. पानाची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद असते. वेणी घालताना पेड कडेला दुमडतो तेव्हा उलटा होतो. एकेरी पट्टीने विणलं तर एका चौकटीत चकचकीत, दुसरीत मंद बाजू दिसेल. म्हणून दोन पट्ट्या मंद बाजू आत ठेवून पाठीला पाठ लावायच्या. अशा चार जोड्या म्हणजे आपले चार पेड. जोडी लावताना एका पट्टीचं बूड आणि दुसरीचं टोक एका दिशेला ठेवा. बूड जाड, टोक पातळ असतं, म्हणून दोन्ही मिळून जाडी सारखी येते.

माप

हे कडं न उघडणारं आहे, त्यामुळे मनगटाचं नव्हे, हाताचं माप हवं. इथे आपलं काम सोपं आहे, कारण बांगडीचं माप सगळ्यांना ठाऊक असतं. २-४ च्या बांगडीचा आतला घेर सुमारे १८ सेंटिमीटर, २-६ चा सुमारे १९, २-८ चा सुमारे २०. आकार देण्यासाठी ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप २-८ ला अगदी बरोबर बसतो. लहान मापासाठी योग्य घेराची बाटली किंवा डबा शोधा.

६ मिलिमीटरच्या पट्टीत विणीची एक फेरी साधारण साडेआठ मिलिमीटर लांबी देते आणि पट्टा १७ मिलिमीटरच्या आसपास रुंद होतो. २-८ साठी २४ फेऱ्या, अधिक जोडाला ५, एकूण २९. कडं फक्त एकेक फेरीने लहान-मोठं होतं, कारण जोड लावताना कडेच्या घड्या एकमेकींवर बसाव्या लागतात. अडीच-तीन मिलिमीटर वाढवू म्हटलं तर ते जमत नाही.

वीण

लाकडी फळी, मास्किंग टेप, कपड्यांचे चार चिमटे आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली जवळ ठेवा. पट्ट्यांवर हलका फवारा मारून पाच मिनिटं ओलसर फडक्यात गुंडाळा. पट्टी बोटाभोवती वळवून बघा. कडकड वाजली तर अजून कोरडी आहे, बोटाला पाणी लागलं तर जास्त ओली. पाण्यात बुडवून ठेवू नका. भिजलेलं पान फुगतं, आपण फुगलेल्या पानाची घट्ट वीण घालतो आणि वाळल्यावर तीच वीण जाळीसारखी सैल होते.

चार जोड्या शेजारीशेजारी ठेवून वरच्या टोकाकडे सहा सेंटिमीटर सोडून टेपने फळीला चिकटवा. डावीकडून मोजा: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

फेरी अशी. सगळ्यांत डावीकडचा पेड शेजारच्यावरून आत आणा. सगळ्यांत उजवीकडचा पेड शेजारच्याखालून आत आणा. आता हे दोन्ही मधे समोरासमोर आले आहेत. त्यांची फुली घाला, उजवीकडून आलेला वर, डावीकडून आलेला खाली. झाली एक फेरी. पुढच्या फेरीत जो पेड आता डावीकडे आहे तो पहिला, जो उजवीकडे आहे तो चौथा. नियम तोच. डावा वरून, उजवा खालून, मधे उजव्याकडचा वर.

दुसऱ्या फेरीपासून कडेला घडी पडते. डाव्या कडेला पेड पुढे, आपल्या अंगावर दुमडायचा, उजव्या कडेला मागे दुमडायचा. घडी ४५ अंशांत पडली पाहिजे, म्हणजे दुमडलेला पेड आधीच्या दिशेशी काटकोन करतो. घडी नखाने दाबा. मग जोडीतल्या दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या धरून एकेक ओढा. हे सोडू नका. दुमडताना आतल्या पट्टीला कमी अंतर लागतं, ती सैल पडून फुगते. दोन्ही एकत्र ओढल्या तर बाहेरची ताणली जाते, आतली तशीच राहते आणि चार फेऱ्यांनी कडेला पोकळ फुगवटे दिसू लागतात.

पहिल्या दोन फेऱ्या वेड्यावाकड्या होतात, होऊ द्या. चौथ्या फेरीनंतर टेप काढा, वरची सुटी टोकं एकेक करून ओढून सुरुवात घट्ट करा आणि पुन्हा चिमट्याने पकडा. दर पाच फेऱ्यांनी थांबून पट्टा फुटपट्टीला लावून बघा. पट्टा एका बाजूला वळत असेल तर ज्या बाजूला वळतोय तिथल्या घड्या जास्त ओढल्या जाताहेत. बोट शिरेल एवढी फट मधे दिसली तर शेजारच्या फुल्या एकमेकींकडे ढकला. ओढून फट बुजत नाही, ती फक्त पुढे सरकते. घडीवर पान तडकलं तर एक फवारा मारून दोन मिनिटं थांबा. तडा अर्ध्या रुंदीपर्यंत गेला असेल तर त्या पट्टीखाली नवी पट्टी चार चौकटी जुनीबरोबर चालवा आणि मग जुनी छाटा.

दोन रंगांचं कडं

हालाची पानं झाडागणिक पांढुरक्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत असतात. फिका आणि गडद असे दोन रंग मिसळून नक्षी काढण्याला हवाईत आनोनी म्हणतात. ग्लॅडिस कुकाना ग्रेस या जुन्या पिढीतल्या विणकर त्यासाठी ओळखल्या जात, २०१० मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली होती. त्यांच्या टोप्यांमधली नक्षी नवशिक्याच्या आवाक्यातली नाही, पण कड्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट सहज येते. प्रत्येक जोडीत एक फिकी आणि एक गडद पट्टी घ्या. सुरुवातीला पहिल्या आणि तिसऱ्या पेडाची फिकी बाजू वर, दुसऱ्या आणि चौथ्याची गडद बाजू वर ठेवा. उजवीकडे जाणारे पेड फिके आणि डावीकडे जाणारे गडद दिसत राहतील, कारण दुमडला की पेड उलटतोच. मधेच दोन गडद चौकटी शेजारी आल्या तर कुठेतरी घडी न घालता पेड नुसता वळवला गेलाय. तिथपर्यंत उसवा.

जोड

जोड चुकला की सगळं फुकट, म्हणून घाई नको.

सुरुवातीची चार टोकं पट्ट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे मनगटाला लागणाऱ्या बाजूला वळवा आणि प्रत्येकी दोन चौकटींखाली खोचा. खोचायला बोथट टोकाची मोठी सुई किंवा चपटी केलेली बांबूची काडी वापरा. आधी काडीने चौकट किंचित उचला, मग पट्टी सरकवा. उरलेलं टोक चौकटीला लागून छाटा. सुरुवातीची कड आता स्वच्छ झाली.

पट्टा पाइपभोवती गुंडाळा, शेवटचं टोक सुरुवातीच्या भागावर येऊ द्या. शेवटच्या ५ फेऱ्या सुरुवातीच्या ५ फेऱ्यांवर बसतील. दोन्हीकडच्या घड्या तंतोतंत जुळेपर्यंत सरकवा आणि दोन चिमट्यांनी पकडा. आता शेवटचे पेड मोकळे आहेत. प्रत्येक जोडीतली आतली पट्टी विणीला लागून कापून टाका. नाही कापली तर जोडाच्या जागी जाडी आणखी वाढते आणि कडं तिथे गाठीसारखं दिसतं. राहिलेल्या चार पट्ट्या चकचकीत बाजू वर ठेवून, खालच्या विणीत ज्या दिशेने तो पेड गेलाय त्याच वाटेने चौकटींखाली खोचत न्या. प्रत्येकी किमान तीन चौकटी. दोन चौकटींवर थांबलात तर महिनाभराच्या वापरात टोक बाहेर डोकावतं. घट्ट ओढा आणि चौकटीच्या कडेखाली जाईल असं छाटा. गोंद लावू नका. गोंद कडक होतो आणि त्याच्या कडेलाच पान तुटतं.

कडं पाइपवर तसंच ठेवून सावलीत, वारा लागेल अशा जागी चोवीस तास वाळू द्या. उन्हात ठेवलं तर घड्या उघडतात. वाळल्यावर बारीक तुसं दिसतील ती नखकात्रीने काढा आणि सुती कापडाने घासा. मेणाची, तेलाची, वॉर्निशची गरज नाही. हातात घालून घालून त्वचेच्या तेलाने लाउहालाला आपोआप चमक येते.

आंघोळीला, पोहायला जाताना कडं काढून ठेवा. भिजलंच तर टॉवेलने टिपून पुन्हा पाइपवर चढवा, नाहीतर ते वेडंवाकडं वाळतं. दमट हवेत, म्हणजे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात, डबाबंद ठेवू नका. बुरशीची पांढरी पूड दिसली तर किंचित ओल्या फडक्याने पुसून तासभर कोवळं ऊन दाखवा. उरलेल्या पट्ट्या गुंडाळीत परत ठेवा. पुढे एखादी चौकट फाटली तर त्याच पानाची पट्टी लागेल, दुसऱ्या पानाचा रंग जुळत नाही.